कवडूच्या पायापासून

एक सागवानी रहाट, दोराशिवाय.

दुधाची चरवी शेजारी ठेवून, एक पाय पुढे काढून अर्धा तास उभा राहिलेला रामाजी गवळी.

पुस्तिकेतला नियम चौथा: प्रचारकाने तोंड उघडू नये.

चार बैलगाड्यांचं गाव, आणि विहिरीपाशी सुटलेल्या अकरा बैलगाड्या.

आरोग्य खात्याच्या शिक्क्यावर हळद, हळदीवर कुंकू, कुंकवावर आघाड्याची माळ.

नागपूरच्या इतवारीतल्या कापड दुकानात एक रिकामी गादी. तिला नवा अभ्रा शिवून तयार.

या गोष्टी कुठल्याही क्रमाने वाचाव्यात. क्रमाने काय बिघडतं, असं मुकुंदलाही वाटत होतं.

चित्र सहावे

"मी अवाक्षर काढणार नाही," असं मुकुंदने बायकोला, ताराला, सांगितलं आणि पुढचा पाऊण तास तो एकटाच बोलत होता.

सन १९३४चा श्रावण. मुकुंद नागपुरात आरोग्य खात्यात प्रचारक होता, पण हंगामी. सहा महिन्यांपैकी साडेपाच सरले होते. काम एकच, गावोगाव जाऊन नारूवर व्याख्यान देणं. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांबलचक किडा. माणसाच्या पायातून तो महिना महिना बाहेर येत राहतो आणि पायाची आग आग होते. मग माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरून गार पाण्यात पाय बुडवतो. तिथे किड्याचं बी पाण्यात पडतं, तेच पाणी गाव पितं आणि पुढच्या वर्षी गाव लंगडतं. उपाय अगदी सोपा. पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, रहाट लावा. मुकुंदने पाच गावांत हे तासतासभर समजावलं होतं आणि पाचही गावं झोपली होती. एका गावात तर बैलसुद्धा बसले!

आता राहिलं सहावं गाव, काटोलच्या अलीकडचं पिंपळझरी. शनिवारी डॉक्टरसाहेब स्वतः तपासणीला येणार होते. तोवर पायऱ्या बुजवायचा ठराव गावाच्या अंगठ्यांसकट कागदावर आला, तर नोकरी कायम. नाही आला, तर बापूजींच्या दुकानातली ती गादी. बापूजी, म्हणजे मुकुंदचे वडील, तोंडाने काही म्हणत नसत. त्यांनी फक्त अभ्रा शिवून घेतला होता.

अशा वेळी मुकुंदला नागपूरच्या सदर बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक इंग्रजी पुस्तिका सापडली. लोकांची सभा चित्रांनी कशी चालवावी, हा विषय. पुस्तिकेचं म्हणणं भलतंच नवं होतं. व्याख्यान देऊ नका. चित्रं आणा, पिसा, लोकांपुढे टाका. क्रम त्यांनाच लावू द्या, गोष्ट त्यांनाच सांगू द्या. माणूस दुसऱ्याची गोष्ट विसरतो, स्वतःची विसरत नाही. आणि सगळं होईपर्यंत तोंड बंद ठेवा. हे वाचून मुकुंदच्या डोक्यात शंभर दिव्यांचं झुंबर लागलं. मग ताराने सहा चित्रं काढली. ताराचा हात फार चांगला.

पहिल्यात एक धडधाकट शेतकरी मुलांसोबत हसतो आहे, मागे संत्री लगडलेली. दुसऱ्यात नारूचा रोगी विहिरीच्या पाण्यात गुडघाभर उभा. तिसऱ्यात बाई तिथेच घागर भरते. चौथ्यात शेतकरी ते पाणी पितो. पाचव्यात, वर्ष उलटल्यावर, तो काठी टेकत लंगडतो. सहाव्यात तो खाटेवर पडलेला, पायातून निघालेला किडा काडीला गुंडाळलेला, उशाशी बायको रडते आहे. शेवटचं चित्र तर इतकं हुबेहूब की बघणारा आपला पाय आखडून घेई.

उणं होतं ते एकच. ताराला चित्रासाठी समोर उभा राहणारा माणूस मिळाला तो फक्त घरी दूध घालणारा रामाजी गवळी. त्यामुळे शेतकऱ्याचं तोंड रामाजीचं, आणि विहिरीतल्या रोग्याचंही रामाजीचंच.

"अहो, जायच्या आधी एक ऐका," तारा वळकटी बांधताना म्हणाली. "मी काल ही चित्रं बापूजींना..."

"तारा, बोलायचं चित्रांनी आहे. आपण नाही."

तारा गप्प बसली. नियम चौथा घरापासून लागू झाला.

चित्र पाचवे

पिंपळझरीला मारुतीच्या देवळापुढे मंडप होता. मंगळवारी दुपारी तिथे सारं गाव जमलं, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, गणपतराव खांबाला टेकून बसले. त्यांच्या शेजारी कवडूची खाट आणून ठेवली होती. कवडू दीड महिना नारूने पडून होता. किडा चार बोटं बाहेर येऊन काडीला गुंडाळलेला, बाकीचा आत, अगदी ताराच्या चित्रातल्यासारखा. कवडूची आई रंभाबाई पायथ्याशी बसून माश्या वारत होती.

मुकुंदने सहा चित्रं पिसली, सतरंजीवर पसरली, आणि म्हणाला, "ही एक गोष्ट आहे. क्रम तुम्ही लावायचा, गोष्ट तुम्ही सांगायची. मी काहीही बोलणार नाही."

गणपतरावांनी विचारलं की मग मास्तर आले कशासाठी. मुकुंदने नुसतं स्मित केलं. पुस्तिकेत तसं लिहिलं होतं.

मग रंभाबाई उठली. श्रावणात गावच्या बायकांना कहाण्या सांगायचा मान तिचा. सोमवारची, शुक्रवारची, रविवारची, सगळ्या पाठ. ती चित्रांभोवती एकदा फिरली आणि खाटेवरच्या माणसापाशी खाली बसली.

"हा त माहा कवडूच हाये," ती म्हणाली, आणि ते चित्र उचलून पहिल्या जागी ठेवलं.

मुकुंदचा हात ते चित्र परत उचलायला पुढे गेला. तो हात त्याने मांडीखाली दाबला.

आणि कहाणी सुरू झाली. एक होता शेतकरी. त्याला नारू झाला, बायको रडू लागली. एक दिवस तो काठी टेकत निघाला. वाटेत त्याला तहान लागली, तो पाणी प्यायला. ते पाणी कुठलं? तर एका सवाष्णीने पायऱ्यांच्या विहिरीतून भरलेलं. मग तो स्वतः त्या विहिरीत उतरला, गुडघ्याइतका उभा राहिला, मनोभावे हात जोडले. (रामाजीने खरं तर चरवीसाठी हात पुढे केले होते.) आणि पाहता पाहता पाय बरा झाला, लेकरं हसू लागली, संत्री लगडली.

सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. कुठे अडखळली नाही. उलट मुकुंदच्या क्रमात एक भोक होतं, विहिरीतला रोगी आणि शेतकरी एकाच तोंडाचे कसे. रंभाबाईच्या क्रमात तेही बुजलं.

गावाने श्वास रोखून ऐकलं. एकही माणूस झोपला नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा! मुकुंदला भीती वाटायच्या आधी नवलच वाटलं, की हे झालं कसं? त्याने वही काढून लिहिलं: "शेवटापासून का सुरुवात केली?" लिहून होईतो बायकांनी चित्रं चिकटवायला खळ कालवली होती.

चित्र चौथे

श्रावणात घरोघरी जिवतीचा कागद भिंतीला चिकटवतात. लेकराबाळांच्या सुखासाठी त्याची पूजा करतात, आणि महिना सरेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. मुकुंदला हे ठाऊक होतं, त्याच्याही घरी होता तो कागद. पण आरोग्य खात्याचं चित्र हाही कागदच, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा सहाही चित्रं मारुतीच्या भिंतीवर ओळीने चढली होती आणि गोपिका नावाची सून त्यांना हळदकुंकू वाहत होती.

आता मात्र त्याने नियम चौथा मोडला. क्रम उलटा आहे, विहिरीत पाय बुडवणं हाच रोग आहे, असं तो कळवळून सांगू लागला. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. पाहुणा आहे, घसा सुकेल, म्हणून कोणी गूळपाणीही आणून दिलं.

रंभाबाईने त्याची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मग तिने मान हलवली. "मास्तर, तुमची गोष्ट रडत संपते. अशी कहाणी नसते. हे ऐकून मी उद्या घागर कोणत्या हातानं उचलू?"

"पण तसंच होतं, आजी."

"मंग तुमीच काहून म्हटलं का गोष्ट आमी सांगायची?"

याचं उत्तर पुस्तिकेत नव्हतं. मुकुंदने शोधून पाहिलं.

निदान चित्रं खाली उतरवावीत म्हणून तो गणपतरावांकडे गेला. गणपतराव म्हणाले की श्रावणात लावलेला कागद काढायचा म्हणजे गावाच्या लेकरांवर संकट ओढवायचं. शिवाय त्यांनी एक भयंकर गोष्ट सांगितली. तीन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच दुखरा पाय घेऊन विहिरीत उतरायला बंदी केली होती. रोगाबिगाचं त्यांना माहीत नव्हतं, नुसती किळस यायची. गाव कुरकुरत पण बहुतेक पाळत होतं. आता मात्र चित्राच्या कोपऱ्यात सरकारी शिक्का होता.

"सरकारच पाय बुडवा म्हणून राहिलं," गणपतराव म्हणाले. "मी कोण गा नाही म्हणणारा?"

म्हणजे मुकुंद आला नसता, तर हे गाव अधिक सुखरूप होतं.

बुधवारी सकाळी कवडूला दोघांनी धरून विहिरीत उतरवलं. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती, पाणी खाली होतं, अकरा पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. बाराव्या पायरीवर कवडू गुडघाभर पाण्यात उभा राहिला. दीड महिन्यात पहिल्यांदा त्याच्या कपाळावरची आठी गेली. गार पाण्याने नारूची आग थांबते, हे तर मुकुंदच व्याख्यानात सांगायचा! वर, कठडा हवा होता त्या जागी उभा राहून तो हातवारे करत होता, आणि खाली कवडू त्याच्याकडे बघून कृतज्ञतेने हसत होता.

गुरुवारी कवडूचा किडा सबंध बाहेर आला. पाण्यात नारू लवकर सुटतो, हेही व्याख्यानातलंच.

त्याच दिवशी गावचे लोक काटोलच्या बाजाराला गेले. ते गप्प बसणारे नव्हते.

चित्र तिसरे

शुक्रवारी सकाळी मुकुंद देवळाच्या पडवीत जागा झाला तो चाकांच्या आवाजाने. विहिरीपाशी अकरा बैलगाड्या सुटल्या होत्या. आठ गावांतले पाय आले होते. सुजलेले, बांधलेले, काडी गुंडाळलेले, कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या पाठीवर. पायऱ्यांवर रांग लागली. मारुतीपुढे त्याहून मोठी रांग, कारण आधी चित्रांना नारळ आणि मग विहीर, असा क्रम आपोआप ठरला होता. रामाजी गवळ्याला तिकडे नागपुरात धार काढताना उचक्या लागल्या असतील, इतक्या जणांनी त्याच्या तोंडाला कुंकू लावलं.

मुकुंद एकेका गाडीपाशी जाऊन हात जोडू लागला. घाबरला की त्याची खात्याची मराठी गळून पडे.

"अरे बाप्पा, नका उतरू! मले नोकरीची नाही पडली, तुमच्या पायाची पडून राहिली!"

नोकरीची नाही पडली हे खोटं होतं, पण ते त्याला बोलून झाल्यावर आठवलं. एका म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "तुमीच का ते कागद आणणारे मास्तर?" आणि तो थेट पाया पडू लागला. वाकताना त्याचा दुखरा पाय मुकुंदच्या नव्या वहाणेवर आला.

उन्हं वर आली. पिंपळझरीच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन विहिरीच्या काठी बसल्या होत्या. खाली उतरायला वाट नव्हती. पायरीगणिक चार पाय, आणि पाण्याचा रंग कढीसारखा. कोणीतरी विचारलं की ही माणसं उद्याही येतील का. उत्तर आलं की उद्या सावनेरकडच्या गाड्याही येणार आहेत.

रंभाबाई काठावर उभी राहून खाली बघत होती. मुकुंद तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याला रडू येत होतं, पण त्याहून जास्त एका गोष्टीची उत्सुकता होती. उद्या साहेब येणार, परवा आपण गादीवर, मग विचारायचं राहून जाईल.

"आजी, एवढंच सांगा. काहून पायापासून सुरू केली?"

रंभाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं मास्तर ढ मुलाकडे पाहतो.

"रडणारा माणूस समोर असला, त हासणाऱ्यापासून कोण सुरू करते गा?"

मुकुंदने वही काढली. मंगळवारच्या प्रश्नाखाली हे तसंच उतरवून घेतलं.

मग रंभाबाईने गावच्या बायकांकडे वळून आवाज चढवला. "माह्या लेकाचा एक पाय होता, त्याचं मी पाहून घेईन. पण आठ गावचे पाय धुतलेलं पाणी मी पिणार नाही. तुमी पिणार का वं?"

चित्र दुसरे

त्या दुपारी मंडपात सभा भरली ती मुकुंदने बोलावलेली नव्हती. बायका मागे बसल्या नाहीत, पुढे बसल्या. विहिरीला गुण आहे, यावर दुमत नव्हतं. प्रश्न एवढाच की तो गुण आठ गावांनी असा तुडवून न्यायचा का.

सुभद्रा नावाची एक बाई म्हणाली की पायऱ्याच बुजवून टाका, म्हणजे कोणी उतरणार नाही. दुसरी म्हणाली, वर कठडा घाला. तिसरीने विचारलं की मग पाणी कसं काढायचं, आणि चारजणी एकदम म्हणाल्या, रहाट. मग ज्याचा पाय खरंच दुखतो त्याने काय करायचं? त्याने पाणी वर ओढून घ्यावं, लांब जाऊन पायावर घालावं. लांब म्हणजे कुठे? विहिरीच्या उताराला गणपतरावांची संत्र्याची बाग होती. गुणाचं पाणी आपल्या झाडांना आयतं मिळेल, हे गणपतरावांच्या ध्यानात आलं आणि रहाटाचा खर्च त्यांनी तिथल्या तिथे अंगावर घेतला. शिवाय परगावचे पाय पडले आहेत म्हणून पिण्याचं पाणी चौपदरी लुगड्यातून गाळायचं, असं बायकांनी आपसांत ठरवलं.

मुकुंद खांबाला धरून बसला होता. हे तेच होतं! पाच गावांत घसा फोडून जे मागितलं, ते सगळं, वर गाळण्यासकट. फक्त कारण तेवढं साफ चुकीचं. आता उठून खरं कारण सांगावं, तर विहिरीचा गुण जाईल, गुणासोबत राग जाईल, आणि रागासोबत ठराव. न सांगावं, तर खोट्याला अंगठा. त्याने दोनदा तोंड उघडलं. दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा त्याला पायऱ्यांवरची ती रांग आठवली आणि त्याने दातांनी ओठ धरून ठेवले. नियम चौथा त्याने खरा पाळला तो त्या पंधरा मिनिटांत.

ठराव लिहायचं काम मात्र त्याच्याकडेच आलं. "परगावचे पाय आपल्या विहिरीत नकोत. सबब पायऱ्या बुजवाव्या, कमरेइतका कठडा घालावा, रहाट बसवावा. दुखरा पाय विहिरीपासून पन्नास पावलांवर धुवावा." खाली एकशे सात अंगठे.

शनिवारी डॉक्टरसाहेब बैलांच्या दमणीतून उतरले तेव्हा खालच्या चार पायऱ्यांवर मुरूम पडलाही होता. त्यांनी ठराव वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"मुकुंदराव, चार दिवसांत? आणि पन्नास पावलांची अट? ही तर आम्हालाही सुचली नव्हती."

"त्यांनीच घातली, साहेब."

मग साहेबांची नजर मारुतीच्या भिंतीकडे गेली आणि कपाळावर रेघ उमटली. "चित्रं उलटी लावली आहेत."

मुकुंदला त्या क्षणी गादीचा नवा अभ्रा दिसला, निळ्या काठाचा. तो तोंड उघडायच्या आधी रंभाबाई पुढे झाली आणि तिने साहेबांना कहाणी सांगितली. चार दिवसांत कहाणीला शेपूट फुटलं होतं. पाय बरा झाला, पण मग आठ गावचे पाय आले, विहीर गढूळ झाली, रागावली, आणि म्हणाली, मला पाय लावाल तर पायच धरीन.

साहेबांनी इंग्रजीत टिपण केलं की दूषित पाण्याचं तत्त्व ग्रामस्थांना उत्तम समजलं आहे.

"शेवट काय सुंदर येतो याने," ते मुकुंदला म्हणाले. "क्रम मुद्दामच असा ठेवलात?"

मुकुंद काही बोलला नाही. त्याला आता सवय झाली होती.

नोकरी कायम झाली. इतवारीतल्या गादीवर मांजर बसू लागलं. ताराच्या चित्रांच्या पन्नास नकला निघाल्या आणि सोबत एक सूचनापत्रकही, चित्रे सहा ते एक अशा क्रमाने मांडावीत. का, ते पत्रकात नव्हतं. दिवाळीनंतर मुकुंद पिंपळझरीला गेला तेव्हा गणपतरावांनी सदरहून दोराशिवाय आणलेला सागवानी रहाट गावच्या दोरावर करकरत होता. बागेत कोणी तरी पायावर पाणी घालत बसलं होतं, आणि विहिरीत कोणाचाच पाय नव्हता. त्याने रंभाबाईला खरी गोष्ट परत एकदा, शांतपणे सांगितली. तिने तीही ऐकून घेतली. म्हणाली की बरी आहे, पण सातवं चित्र पाहिजे, रहाटाचं. बायकोले सांगा.

मुकुंदने घरी येऊन ताराला सांगितलं. ती आधीच कागद काढून बसली होती.

चित्र पहिले

मुकुंद पिंपळझरीला निघाला त्याच्या आदल्या दिवशी दुपारी ताराने सहाही चित्रं पिसून बापूजींपुढे ठेवली होती. त्यांनी पहिल्या जागी खाटेवरचा पाय ठेवला होता.